पोटात दडलेला क्षय

(गेल्या रविवारी सायंकाळी येथील वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'एच.आय.व्ही.बाधितांचा पोटाचा क्षय' असे सांगितले, आणि समोरच्या गृहस्थांचा चेहरा उतरला. संपादकाने भाषेवर बोलावे, सीमाप्रश्नावर बोलावे, फार तर नाट्यसंगीतावर बोलावे. रोगराईवर बोलण्याचा त्याला अधिकार काय, हा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही, पण डोळ्यांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. मी वैद्य नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन छापखान्यात शिरलेला मी माणूस. परंतु माझ्या डोळ्यांदेखत एक मनुष्य मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला, आणि त्याला तेथवर पोहोचविण्यास इतरांबरोबर मीही हातभार लावला. आज जे सांगणार आहे ते दोन डॉक्टर मित्रांकडून तपासून घेतले आहे. त्यातील वैद्यक त्यांचे, पश्चात्ताप माझा.

आमच्याकडे बांधणीखात्यात एक कारागीर आहे. नाव सांगत नाही, आणि कोणी तर्कही करू नये. वय चाळिशीच्या आत. त्याचे जेवण कमी झाले, विजार कमरेला सैल होऊ लागली, सायंकाळी अंग कढत होई आणि रात्री घामाने अंथरूण भिजे. पोट दुखे ते बेंबीच्या उजव्या बाजूस, खाली. कधी पोटात गोळा उठे, गुडगुड करीत सरके आणि विरून जाई. कधी चार दिवस शौचाला होत नसे, तर कधी दिवसाकाठी सहा वेळा जावे लागे. एकदा तो रजा मागावयास आला तेव्हा मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "अरे, रात्रपाळीचे जागरण आणि तो कडक चहा! तुला पित्त झाले आहे. चार दिवस ताकभात खा." तो म्हणाला, "बरं साहेब," आणि कामावर परतला.

पुढे पित्ताच्या गोळ्या झाल्या, जंतांचे औषध झाले, एका जाणत्याकडून पोट चोळून घेणेही झाले. सहा महिन्यांनी एका डॉक्टरांना क्षयाची शंका आली. त्यांनी थुंकी तपासली, छातीचे क्ष-किरण चित्र काढले. दोन्ही स्वच्छ! घरी देवापुढे साखर ठेवली गेली. 'क्षय नाही' हे वाक्य त्या घरात इतके दृढ झाले की पुढे दोन महिने कोणीही दुसरा विचार केला नाही. आणि एके रात्री त्याचे पोट फळीसारखे कडक झाले.

त्या रात्री ज्या रुग्णालयात आम्ही त्याला प्रथम नेले तेथे रक्ताची तपासणी झाली, कोणीतरी कोणाच्या तरी कानात बोलले, आणि "आमच्याकडे सोय नाही" असे उत्तर आले. सोय संध्याकाळपर्यंत होती. रक्ताचा कागद आल्यावर ती नाहीशी झाली. दुसरीकडे पोहोचेपर्यंत पहाट झाली. तेथील शल्यविशारदांनी पोट उघडले तेव्हा लहान आतड्याच्या अगदी शेवटी, मोठे आतडे जेथे सुरू होते त्या सांध्याजवळ, एका व्रणाला भोक पडून पोटात पू झालेला होता. तेवढा भाग कापून टोके जोडली. कापलेल्या तुकड्याची तपासणी झाली, क्षयच. आणि रक्तात एच.आय.व्ही. ते त्याला ठाऊक नव्हते, घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

मला त्या दिवशी एकच प्रश्न छळत होता. थुंकी स्वच्छ, छाती स्वच्छ; मग क्षय आला कोठून? हा प्रश्न पडण्याचे कारण असे की, क्षय म्हणजे खोकला, क्षय म्हणजे रुमालावरचे रक्त, हे चित्र नाटकांनी आणि चित्रपटांनी आपल्या मनात पक्के रुजविले आहे. आपल्या प्राचीन वैद्यांचे चित्र इतके अपुरे नव्हते. त्यांनी राजयक्ष्म्याची जी अकरा लक्षणे सांगितली त्यांत खोकल्याबरोबर अतिसार आहे, अरुचीही आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्या जंतूचा शोध जाहीर केला तो काही केवळ फुप्फुसाचा भाडेकरू नाही. थुंकी गिळली जाते तेव्हा तो आतड्यात उतरतो. रक्तावाटे प्लीहेत, यकृतात, पोटातील गाठींत जातो. आणि न तापविलेल्या दुधातून त्याचा एक भाऊबंद येऊ शकतो. दूध उकळल्याखेरीज पिऊ नये ही आपल्या आजीबाईंची शिस्त येथे फार मोलाची ठरली आहे.

लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर हा रोग विशेष ठाण मांडतो. अन्नरस तेथे रेंगाळतो, आणि जंतूंना ओढून घेणाऱ्या लसिकापेशींची दाटी तेथे मोठी असते. तेथे व्रण पडतात. व्रण आतड्याला आडवे, कंबरपट्ट्यासारखे वेढतात, आणि भरताना आक्रसून आतड्याची वाट अरुंद करतात. आमच्या कारागिराच्या पोटात गोळा उठून विरत असे, तो या अरुंद वाटेतून पुढे ढकलला जाणारा अन्नाचा आणि वायूचा लोंढा होता. पित्त नव्हे. पोटाच्या अस्तराला क्षय झाला तर पाणी साचून पोट फुगते. गाठी सुजल्या आणि त्यांनी पित्तनलिका दाबली तर कावीळ होते, आणि ती कावीळ झाडपाल्याने उतरत नाही.

आता एच.आय.व्ही.चा संबंध. ज्याच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त आहेत अशा धडधाकट माणसास उभ्या आयुष्यात क्षय होण्याचा संभव शेकडा ५ ते १० असतो. एच.आय.व्ही.ची बाधा असून तिच्यावर उपचार चालू नसतील, तर जवळजवळ तेवढाच संभव दर वर्षी असतो. शरीराच्या पहाऱ्याचे नायकत्व सीडी-४ नावाच्या पेशींकडे असते. धडधाकट माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणतः पाचशेच्या वर असतात, एच.आय.व्ही. नेमका त्यांचाच संहार करतो. त्या दोनशेच्या खाली गेल्या की क्षय फुप्फुसाच्या बाहेर मोकाट सुटतो. पोटातील गाठी, प्लीहा, यकृत, आतडी अशी कित्येक ठिकाणे एकाच वेळी धरतो.

आणि छाती मात्र स्वच्छ दिसते! हे मला समजावून घेण्यास फार वेळ लागला, म्हणून येथे थोडा थांबतो. फुप्फुसात क्षयाची जी पोकळी पडते ती एकट्या जंतूची करणी नसते. शरीर जंतूशी झुंजते, त्या झुंजीत फुप्फुसाचा भाग जळून जातो, तेथे पोकळी होते आणि तिच्यातून लक्षावधी जंतू थुंकीत येतात. पहारेकरीच उरले नसतील तर झुंज कसली? झुंज नाही म्हणून पोकळी नाही, पोकळी नाही म्हणून थुंकीत जंतू फारसे नाहीत, आणि क्ष-किरण चित्रावर डाग नाही. चोर घरभर हिंडतो आहे. कुत्रे मेलेले असल्यामुळे भुंकण्याचा आवाज येत नाही, इतकेच. त्या शांततेला आम्ही निर्धोकपणा समजलो.

म्हणून, ज्याला एच.आय.व्ही. आहे त्याला ताप, वजन घटणे आणि पोटाची तक्रार ही तिन्ही एकत्र असतील, तर केवळ थुंकीच्या कागदावर समाधान मानू नये. पोटाची सोनोग्राफी करवावी. सुजलेल्या गाठी, साचलेले पाणी आणि प्लीहेतील बारीक गळवे त्यात दिसू शकतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागात, जेथे हे दोन्ही रोग हातात हात घालून आले, तेथील डॉक्टरांनी रुग्णाच्या खाटेशी उभे राहून काही मिनिटांत नेमक्या याच गोष्टी पाहण्याची रीतच घालून दिली आहे. पोटात पाणी असेल तर ते सुईने काढून तपासता येते. दुर्बीण घालून आतड्याचा कण काढता येतो. जंतूचा वंशद्रव्यावरून माग काढणारी यंत्रे आज सरकारी केंद्रांतही आहेत. त्यांपैकी ट्रूनॅट हे यंत्र आपल्या शेजारी गोव्यातच तयार होते आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली आहे, हे ऐकून मला अभिमान वाटला. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देईल की नाही तेही या यंत्रांवरून कळते. एच.आय.व्ही. बळावलेल्या माणसाच्या लघवीतूनही क्षयाचा अंश सापडू शकतो. त्यासाठी लॅम नावाची पट्टी निघाली आहे.

पण येथेही तीच चूक पुन्हा करण्याचा मोह होतो. पोटातील पाण्यात जंतूंची संख्या थोडी असते. यंत्राचा कागद 'नाही' म्हणाला तरी क्षय असू शकतो. अनुभवी डॉक्टर सर्व लक्षणे एकत्र पाहून उपचार सुरू करतात तेव्हा "कागदावर नसताना औषध का?" म्हणून हुज्जत घालू नये. उलट बाजूही सांगतो. लसिकाग्रंथींचा कर्करोग आणि क्रोन नावाचा आतड्याचा विकार हे दोन्ही क्षयासारखेच सोंग घेतात. क्रोन समजून स्टेरॉइड दिले आणि निघाला क्षय, तर आगीत तेल पडते. यासाठी शक्य तेथे कण काढून तपासावा, असा माझ्या मित्रांचा आग्रह आहे.

उपचाराची कथा लांबलचक नाही. पोटाचा क्षय बरा होतो, एच.आय.व्ही. असला तरी होतो. जंतू औषधांना दाद देणारा असेल तर सामान्यतः सहा महिने गोळ्या. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन. नऊ महिने किंवा वर्षभर औषध दिल्याने अधिक लाभ होतोच असे नाही, हे आपल्याच देशातील रुग्णांवर पडताळून पाहण्यात आले आहे. आतड्याची अरुंद झालेली वाटही पुष्कळदा औषधाने मोकळी होते. मात्र वाट पुरती बंद झाली किंवा भोक पडले, की शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. उलटी थांबत नाही, पोट फुगले आहे, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, पोट फळीसारखे झाले आहे किंवा शौचावाटे रक्त जाते आहे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. शक्ती अगदी ओसरलेल्या रुग्णात भोक पडूनही पोट कडक होत नाही असे घडते. तेव्हा नुसती नाडी जलद आणि चेहरा पांढरा दिसला तरी निघावे.

एच.आय.व्ही.चे औषध क्षयाचे औषध सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू करावे, असा आजचा दंडक आहे. मेंदूच्या आवरणाचा क्षय हा त्याला अपवाद. तेथे अधिक थांबतात. दोन्ही औषधांची एकमेकांशी कुरबुर असते. रिफाम्पिसिनमुळे यकृत डोल्यूटेग्राविर हे एच.आय.व्ही.वरील औषध लवकर संपवून टाकते. म्हणून ते दिवसातून एकदाऐवजी दोनदा घ्यावे लागते. दोन वेगळ्या ठिकाणांहून औषधे घेणाऱ्याने एका डॉक्टरांना दुसऱ्यांचा कागद दाखविलाच पाहिजे. लाजेने कागद लपविला की हिशेब चुकतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, तिला भिऊ नये. डोळे पिवळे झाले तर मात्र लगेच दाखवावे. आणि त्या सहा महिन्यांत मद्याला स्पर्श नको.

आता मी ज्यासाठी येथे उभा आहे ती गोष्ट. आमचा कारागीर शस्त्रक्रियेतून उठला, क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या, दोन आठवड्यांनी एच.आय.व्ही.च्या गोळ्या सुरू झाल्या. पहिला महिना उत्तम गेला. जेवू लागला, हसू लागला. आणि पुढच्या आठवड्यात ताप उसळला, पोट दुखू लागले, मानेला गाठी आल्या. घरात एकच सूर: या नव्या गोळ्यांनीच घात केला. त्याने दोन्ही गोळ्या बंद केल्या. मला ही वार्ता पाच दिवसांनी कळली.

डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते मी वर सांगितलेल्या गोष्टीचेच दुसरे अंग आहे. एच.आय.व्ही.च्या औषधाने पहारेकरी परत आले. परतलेल्या पहाऱ्याला घरभर चोर दिसले आणि झुंज सुरू झाली. तो ताप, त्या गाठी, ते दुखणे या झुंजीचे होते. औषध सुरू झाल्यावर साधारणतः पहिल्या तीन महिन्यांत हे घडते, आणि ज्यांची शक्ती आधी फार ओसरलेली होती त्यांच्यात अधिक घडते. बहुतेकांत ते औषधे चालू ठेवूनच शमते. काहींना डॉक्टर सूज उतरविण्यासाठी प्रेडनिसोलोन देतात. अशा बिघाडात क्वचित आतड्याला भोकही पडू शकते, आणि कधी जंतू औषधाला दाद देत नसल्यामुळेही प्रकृती बिघडते. म्हणून घरी बसून सोसण्याची ही गोष्ट नव्हे, दाखविण्याची आहे. परंतु स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे म्हणजे परतलेल्या पहारेकऱ्यांना पुन्हा वेशीबाहेर काढणे. मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारातच म्हणाली, "साहेब, तुम्हीच त्याला ताकभात खा म्हणालात, आता तुम्हीच गोळ्या खा म्हणता. कोणतं खरं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, "आई, तेव्हा मी विचारल्याशिवाय बोललो, आता विचारून आलो आहे." तिने मला आत घेतले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला घेऊन गेलो, आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

त्या पहिल्या रुग्णालयाबद्दल मला पुष्कळ बोलता येईल. नाव घेणार नाही, कारण तसे ते एकटेच नाही. पण कायदा ठाऊक असू द्या. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. बाधित आहे म्हणून कोणाला उपचार नाकारता येत नाहीत, संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आणि कोणाच्या कानात कुजबुजता तर मुळीच येत नाही. त्या रात्री हे मला ठाऊक असते, तर मी रुग्णवाहिका शोधीत धावण्याआधी तेथेच पाय रोवून उभा राहिलो असतो. आंदोलनात ज्याची उभी हयात गेली तो मनुष्य त्या रात्री मुकाट्याने कागद घेऊन बाहेर पडला, ही खंत अजून जात नाही.

आपल्या सीमाभागातील एक गोष्ट बोललीच पाहिजे. ओळखीचा डोळा चुकविण्यासाठी आपले लोक गावचे केंद्र सोडून कोणी मिरजेला, कोणी कोल्हापूरला, कोणी गोव्याला जातात. मी त्यांना दोष देत नाही. दोष आपल्या नजरेचा आहे. परंतु बसभाडे संपले की औषध संपते, असे होता कामा नये. एका राज्यातील क्षयाची नोंद दुसऱ्या राज्यात पुढे चालू ठेवता येते; एच.आय.व्ही.च्या उपचाराचे कागदही एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात रीतसर पाठविले जातात. निघण्यापूर्वी तेवढी बदलीची चिठ्ठी मागून घ्यावी. एच.आय.व्ही.चे औषध सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागले, क्षयाचेही मोफत आहे, आणि क्षयरुग्णास आहारासाठी दरमहा जे पाचशे रुपये मिळत ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले आहेत. तेही हक्काने मागावेत.

जगात २०२३ साली क्षयाने सुमारे साडेबारा लाख माणसे मेली. त्यांपैकी सुमारे १ लाख ६१ हजार एच.आय.व्ही.बाधित होती. ज्यांना बाधा आहे पण क्षय झालेला नाही, त्यांच्यासाठी प्रतिबंधक गोळ्या आहेत. आधी क्षय नाही याची खातरजमा करावी लागते, एवढेच. हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगेलच असे नाही.

व्याख्यान सुरू होण्यापूर्वी एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे. नाव घातलेले नाही. तिने विचारले आहे, घरात असा रुग्ण असेल तर त्याचे ताट वेगळे ठेवावे काय? नको, बाई. एच.आय.व्ही. ताटावाटे पसरत नाही आणि पोटाचा क्षयही ताटावाटे पसरत नाही. नेहमीप्रमाणे भांडी घासावीत. पोटाबरोबर छातीतही क्षय आहे काय, एवढे मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे. असेल तर उपचाराचे पहिले काही आठवडे त्याने तोंडाला फडके बांधावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि घरातील पाच वर्षांखालील मुलांना तर विनाविलंब तपासणीस न्यावे. तपासणीला कोठे जावे हे विचारण्याचा संकोच वाटत असेल, तर सभा संपल्यावर माझे डॉक्टर मित्र वाचनालयाच्या मागच्या खोलीत तासभर बसणार आहेत. त्या खोलीला गल्लीतून वेगळे दार आहे.